सरळ केसांचा नियम

जळगावच्या खासगी इस्पितळात स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. फैजपूरजवळच्या आमच्या गावाहून एसटीने आले होते, तीही खिडकीशेजारी बसून. उतरेपर्यंत माझ्या केसांचं जे व्हायचं ते झालं होतं. केस कुरळे आहेत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कपाळावर रुळणाऱ्या बटा येतात. माझे तसे नाहीत. स्प्रिंगसारखे घट्ट, दाट आणि वरच्या दिशेने वाढणारे. खाली पडायचं असतं हे त्यांना माहीतच नाही. शाळेत मला झिपरी म्हणत. आई दर रविवारी वाटीभर तेल थापून दोन वेण्या इतक्या आवळायची की माझे डोळे तिरपे व्हायचे. सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत केस पुन्हा आपल्या मूळ जागी.

मुलाखत घेणारे गृहस्थ वयस्कर होते, भले होते. म्हणाले, "बोलणं छान आहे तुमचं. मराठी, हिंदी, आपल्याकडची बोली, सगळं येतं. पेशंटला असंच माणूस लागतं. फक्त केसांचं काहीतरी करा. येणारा आधी काउंटरवरचा चेहरा बघतो."

मी लगेच "हो सर" म्हणाले. अपमान वगैरे काही वाटला नाही. उलट वाटलं, एवढीच अडचण असेल तर नोकरी लागलीच की.

त्या आठवड्यात स्ट्रेटनर घेतला आणि माझी सकाळ साडेपाचला सुरू व्हायला लागली. आंघोळ, मग आरशासमोर अर्धा तास. केसांचे भाग पाडायचे, एकेक भाग त्या तापलेल्या पट्ट्यांत धरायचा आणि सावकाश खाली ओढायचा. जळकट वास सुटायचा. मानेला, कानाच्या पाळीला चटके बसायचे. पावसाळ्यात दमट हवेने दुपारीच सगळं फिसकटायचं, म्हणून पर्समध्ये पिनांची डबी असायची. लग्नानंतर पहिले काही महिने नवऱ्यालासुद्धा माझे खरे केस दिसू दिले नाहीत. रविवारी न्हायले की टॉवेल गुंडाळून बसायची आणि तो बाहेर पडला की मशीन लावायची. एकदा तो अर्ध्यातून परत आला. दारात उभा राहून बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, हे कोणाचे केस?" मग हसला. मी रडले.

अकरा वर्षं हे चाललं. दात घासण्याइतकं ते अंगवळणी पडलं. दरम्यान इस्पितळाची धुळ्याला शाखा निघाली आणि मला तिथे स्वागतकक्षाची प्रमुख म्हणून पाठवलं. आम्ही धुळ्यातच देवपूरला घर घेतलं. माझ्या हाताखाली सात जणी. पेशंट मला ताई म्हणायचे, स्टाफही ताईच म्हणायचा. मी कामाला चोख होते आणि मला त्याचा अभिमान होता.

मागच्या वर्षी आमच्या फिजिओथेरपी विभागात एक मुलगी इंटर्नशिपला आली. टांझानियाची. आपल्याकडेच कॉलेजला चार वर्षं शिकलेली, त्यामुळे मराठी चांगलं बोलायची, मध्येच हिंदी आणि मध्येच पेशंटकडून उचललेली अहिराणी. उंच, सावकाश चालणारी, हातात प्रचंड ताकद. आणि डोक्यावर शंभरेक बारीक वेण्या, टाळूपासून घट्ट विणत आणलेल्या, मागे एकत्र बांधून गोल अंबाडा घातलेला. पहिल्या दिवशी अख्खा स्टाफ काही ना काही कारण काढून फिजिओथेरपीत डोकावून आला. मीही गेले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, हिला कोणी काही सांगितलं कसं नाही?

पेशंटना मात्र दोन दिवसांत सवय झाली. नरडाण्याच्या बाजूचे एक आबा खुब्याचं ऑपरेशन होऊन वॉर्डात होते. सत्तरी ओलांडलेले, तिरसट. परिचारिकांना हात लावू देत नसत. ही त्यांच्यासमोर उभी राहिली तर त्यांनी नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "व माय, इतल्या येण्या! कोनी घाल्यात वं?"

"मनी मैत्रीणनी," तिने अहिराणीतच उत्तर दिलं. "आठ तास लागले, आबा. मी आठ तास बसले, तुम्हाला फक्त दहा मिनिटं उभं राहायचंय."

आबा उभे राहिले. त्या दिवसापासून ते फक्त तिच्याच हाताखाली व्यायाम करत.

महिन्याभरापूर्वीच जळगावच्या मुख्य कार्यालयात नवे मनुष्यबळ अधिकारी आले होते. तरुण, पुण्याहून आलेले, उत्साही. त्याच आठवड्यात त्यांनी सर्व शाखांना एक पुस्तिका पाठवली: कर्मचाऱ्यांनी कसं दिसावं याची नियमावली. नखं, बूट, दाढी, गणवेशाची इस्त्री, सगळं होतं. केसांना एक पूर्ण पान होतं. "केस सरळ, विंचरलेले व व्यावसायिक दिसणारे असावेत. बारीक वेण्या, जटा, फुगलेले अथवा पिंजारलेले केस चालणार नाहीत." खाली दोन रकाने होते. डाव्या रकान्यावर "योग्य" लिहिलेलं, त्यात गुळगुळीत केसांच्या बायांचे फोटो. उजव्यावर "अयोग्य", त्यात तीन फोटो. एका बाईच्या बारीक वेण्या होत्या. दुसरीच्या जटा. तिसरीचे केस माझे होते. म्हणजे बाई दुसरीच कुठलीतरी होती, पण केस अगदी माझे. तसेच घट्ट, तसेच वर वाढलेले. त्या फोटोवर लाल फुली मारली होती.

मी ते पान पुष्कळ वेळ पाहत बसले. मग पुस्तिका मिटून कपाटात ठेवली आणि सह्या गोळा करायला लागले. प्रत्येकीने वाचल्याची सही द्यायची होती.

आठवड्याने अधिकाऱ्यांचा फोन आला. "ताई, फिजिओच्या त्या इंटर्नला नोटीस द्या. पंधरा दिवसांत केस नियमात बसवा म्हणावं. नाहीतर इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं पत्र आपण देणार नाही."

"सर, ती तिकडची आहे. त्यांच्याकडे केस असेच असतात."

"म्हणूनच तर प्रश्न आहे. पेशंटला विचित्र वाटतं."

कुठल्या पेशंटला, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. धुळे शाखेत कपड्यांच्या आणि दिसण्याच्या तक्रारी माझ्या सहीने जात, म्हणून नोटिशीवर सहीही माझीच होती. जेवणाच्या सुट्टीत तिला बोलावून मी कागद पुढे केला.

तिने तो पूर्ण वाचला. घाई न करता, एकेका ओळीवर बोट ठेवत. मग विचारलं, "ताई, यात स्वच्छतेबद्दल काही लिहिलंय का?"

"नाही."

"माझे केस पेशंटच्या अंगावर पडले, असं कोणी म्हटलंय?"

"नाही गं. पण नियम आहे. इथे एक पार्लर आहे, माझ्या ओळखीचं. ते सरळ करून देतात. मी सांगते त्यांना."

ती माझ्या डोक्याकडे बघत राहिली. चिडली नव्हती. मी तिच्या नजरेतून सुटायचा प्रयत्न करत होते आणि ती मात्र शांतपणे काहीतरी जुळवत होती. "मी लहान असताना आईने माझ्या डोक्याला केस सरळ करायचं औषध लावलं होतं," ती म्हणाली. "शाळेत सांगितलं होतं तसं. टाळू भाजली. इथे." अंबाड्याखाली बोट लावून तिने दाखवलं. "तेव्हा मी आईला म्हटलं, आता पुन्हा नाही. आईने ऐकलं. आता तुम्ही सांगताय."

कागदाची घडी करून तिने खिशात ठेवली आणि ती वॉर्डात गेली. मी डबा उघडला, पण जेवण गेलं नाही.

माझा उजवा खांदा वर्षभर दुखत होता. गोळ्या खाऊन दिवस ढकलत होते. त्याच आठवड्यात एका सकाळी हात खांद्याच्या वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं, आणि त्या वेळी विभागात ती एकटीच होती. मला परत जावंसं वाटलं. पण तिने खुर्ची ओढली, टॉवेल पसरला आणि माझा हात हातात घेतला, जणू आमच्यात काही झालंच नव्हतं.

तिने हात वर नेला, बाजूला नेला, मागे नेला, आणि विचारलं, "रोज हा हात वर धरून काय करता?"

"फायली असतात वरच्या कपाटात."

"फायलींनी असं होत नाही. हा स्नायू खूप वेळ उचलून धरल्यावर आखडतो. रोज, वर्षानुवर्षं, न हलवता." तिने खांद्याच्या मागे अंगठा दाबला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या मावशीचा असाच आहे. तिचं सलून आहे. दिवसभर ती बायकांचे केस सरळ करते." मग तिचा हात थांबला. तिने माझ्या कानामागचे केस हलकेच बाजूला केले. तिथे जुन्या चटक्यांचे डाग होते. मला ते कधी दिसले नव्हते. स्वतःच्या कानामागे कोण बघतं?

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही पण?"

मी मान हलवली. मग तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, मी तिला सगळं सांगितलं. एसटीची खिडकी, मुलाखत, झिपरी, साडेपाचची सकाळ, त्या तिसऱ्या फोटोतली बाई. इतकं मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत माझा खांदा मोकळा करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "व्यायाम लिहून देते. पण ते मशीन थांबलं नाही तर हा खांदा बरा होणार नाही. हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगतेय."

रविवारी मी न्हायले आणि मशीन लावलं नाही. दुपारी ती घरी आली, मी बोलावलं होतं. तिने मला अंगणात पाटावर बसवलं. ओल्या केसांना खोबरेल लावून बोटांनी गुंता कसा सोडवायचा, कंगवा टोकाकडून वर कसा न्यायचा, ते दाखवलं. भाजून निर्जीव झालेली टोकं कातरली. अकरा वर्षं मी ज्यांच्याशी भांडत होते, ते केस असे हाताळायचे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तुझ्या आत्याचे असेच व्हते. अशीच दिसायची ती." मग म्हणाली, "मी उगाच आवळत गेली वं तुझ्या येण्या. मले वाटे, लोकं नावं ठेवतील." आणि लगेच विचारलं, "ती पोर जेवली का?"

सोमवारी मी केस मागे घेतले, रुंद काळ्या पट्टीने बांधले आणि कामावर गेले. गेटवरच्या पहारेकऱ्याने मला पेशंटची नातेवाईक समजून पास मागितला. काउंटरवरच्या मुली सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने विचारलं, "ताई, हात लावून बघू?" मी म्हटलं, "नको. काम कर." पण मला आतून हसू येत होतं. डोकं हलकं वाटत होतं. मान वळवली की केस सोबत हलत होते, हे मी विसरूनच गेले होते.

तासाभरात जळगावहून फोन. कोणीतरी फोटो पाठवला होता.

"ताई, तुम्ही प्रमुख आहात. तुम्हीच असं केलंत तर कसं?"

"सर, मी काहीच केलेलं नाही. करायचं थांबवलं."

"मला तुम्हालाही नोटीस काढावी लागेल."

"काढा. पण धुळ्यातल्या नोटिशीवर देणाऱ्याची सही लागते. ती माझीच आहे."

संध्याकाळी नोटीस आली. मी देणाऱ्याच्या जागी सही केली, मग घेणाऱ्याच्या जागीही केली आणि कागद उलटा करून मागे उत्तर लिहिलं: "माझे केस स्वच्छ आहेत, बांधलेले आहेत आणि माझे आहेत. नियमाच्या कोणत्या उद्देशाला त्यांनी बाधा येते, ते कळवावे." अकरा वर्षांत वरच्यांना मी असं वाक्य कधी लिहिलं नव्हतं. दोनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

त्याचं उत्तर आलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी हुकूम आला की नोटिशीचा निर्णय लागेपर्यंत त्या इंटर्नला पेशंटसमोर पाठवू नये, मागे नोंदींचं काम द्यावं. तिने निमूटपणे संगणक सुरू केला. आणि वॉर्डात आबांनी पाय जमिनीला टेकवायचं बंद केलं.

दुसऱ्या थेरपिस्टने समजावलं, परिचारिकांनी समजावलं, सुनेने हातापाया पडून पाहिलं. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "ती येण्यावाली पोर ऱ्हाई तं मी चालसू. नहीतं नही." दोन दिवस गेले. गुरुवारी मोठे डॉक्टर आले. इस्पितळ त्यांचंच, आबांचं ऑपरेशनही त्यांनीच केलेलं. खुब्याचा पेशंट दोन दिवस उभा राहिला नाही म्हटल्यावर ते संतापले. असा पेशंट पडून राहिला की छाती भरते, गुठळ्या होतात. एवढं आम्हा स्वागतकक्षातल्या बायकांनाही माहीत असतं.

"का उठवलं नाही याला?"

उत्तर आबांनीच दिलं. "डाक्टर, तुमन्या लोकेस्नी तिले कोंडी टाकं शे. कशाले? तर केसंसकरता. माले सांगा, मना पाय आनि तिना केस, यान्हा काय संबंध शे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "त्या मुलीला आत्ता बोलवा, पेशंटला उभं करा. बाकीचं शनिवारी जळगावला बोलू. तुम्ही तिघी या." तिसरी म्हणजे आमच्या मेट्रन.

मेट्रनबद्दल सांगायला हवं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, कडक शिस्तीच्या. जंतुसंसर्ग रोखायचं सगळं काम त्यांच्याकडे. आमच्या बाजूच्या आहेत असं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. नियमावली आली त्या आठवड्यापासून त्यांनी आपलं आपण एक काम सुरू केलं होतं. पाळी संपताना दारात उभ्या राहून प्रत्येक बाईचं डोकं बघायचं: कोणाचे केस पिनेतून सुटलेत, कोणाचे टोपीबाहेर आलेत, कोणाच्या तोंडावर येताहेत. वहीत लिहून ठेवायचं. आम्ही धुळ्याहून एसटीने निघालो तेव्हा ती वही त्यांच्या मांडीवर होती. पारोळ्यापर्यंत त्या तिचं एकेक पान तपासत होत्या. मग ती मुलगी म्हणाली, "मेट्रन, तुम्हाला माझे केस आवडतात का?"

"मला तुझे केस आवडतात की नाही ते विचारू नकोस," मेट्रन खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मला ते गळतात की नाही ते विचार."

एरंडोलला बस थांबली तेव्हा त्यांनी तिघींसाठी भजी घेतली. त्यावरून मी थोडा अंदाज बांधला.

जळगावच्या त्या खोलीत मोठे डॉक्टर होते, ते तरुण अधिकारी होते आणि आम्ही तिघी. अधिकाऱ्यांनी आधी बोलायला घेतलं. त्यांची तयारी चांगली होती. इस्पितळाची प्रतिमा, सर्व शाखांत एकसारखेपणा, येणाऱ्याच्या मनावर पडणारा पहिला ठसा. "कोणाला दुखवायचा हेतू नाही," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं बोलत होते.

मग मी पुस्तिका उघडली. ते दोन रकान्यांचं पान डॉक्टरांसमोर ठेवलं आणि तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"सर, ही मी आहे. मी या रकान्यात जन्मले आणि अकरा वर्षं त्या रकान्यात नोकरी केली. रोज सकाळी अर्धा तास केस भाजून. माझा खांदा त्याने गेलाय, रिपोर्ट तुमच्याच इस्पितळाचा आहे. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती, मुलाखतीत नुसतं सुचवलं होतं. पण आता ते छापलंय, त्यावर लाल फुली मारलीय, आणि त्याच्या आधारावर मी या मुलीला माझ्या सहीने नोटीस दिली. माझ्या नोकरीत मी केलेलं ते सगळ्यात वाईट काम आहे."

पुस्तिका मी तशीच उघडी ठेवली.

डॉक्टरांनी त्या मुलीकडे पाहिलं. "तुला काही म्हणायचंय?"

"सर, सरळ केस हे तुमच्याकडच्या पुष्कळ लोकांचे नैसर्गिक केस आहेत," ती म्हणाली. "त्यांना नुसतं विंचरायचं असतं. मला मात्र वेगळं डोकं लावून यायला सांगताय. वेण्या घातल्या की माझे केस महिनाभर नीट राहतात. हीच माझी व्यावसायिक पद्धत आहे. मी पेशंट उभे करते, सर. ते चालायला लागले का, तेवढं बघा."

"पण ते स्वच्छ..." अधिकारी म्हणायला लागले, तेव्हा मेट्रननी वही टेबलावर ठेवली. जोरात नाही, पण ऐकू येईल इतपत.

"स्वच्छतेचं मी बोलते. ते माझं काम आहे. पिना सुटून तोंडावर केस आलेल्या ज्या मुलींची नावं इथे आहेत, त्या बहुतेक सगळ्या सरळ, रेशमी केसांच्या आहेत. पिन टिकत नाही त्यांना. हिच्या वेण्यांतला एक केस मला एकाही पाळीत बाहेर दिसला नाही. ताईंचे केस पट्टीत बसतात. या नियमाने माझा वॉर्ड स्वच्छ होत नाही. झाला तर त्रासच होतो."

डॉक्टर वही चाळत राहिले. मग त्यांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि अधिकाऱ्यांना विचारलं, "यात माझं कुठल्या रकान्यात बसतं?"

सगळ्यात आधी मेट्रन हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. अधिकारीही हसले, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता. हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "ते पान मी दुसऱ्या एका कंपनीचं उचललं होतं. फोटोंसकट. नीट पाहिलंच नाही."

"मग आता पाहा," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही नोटिसा आजच मागे घ्या, लेखी. हे पान सगळ्या शाखांतून काढा. नवा नियम या तिघी लिहितील. आत्ता, इथेच. मला अर्ध्या तासात टेबलावर हवा."

आम्हाला वीस मिनिटं लागली. शेजारच्या खोलीत मेट्रन एकेक शब्द तपासत होत्या, ती मुलगी नको तो शब्द खोडत होती आणि मी लिहीत होते. "केस स्वच्छ असावेत. काम करताना ते चेहऱ्यावर अथवा पेशंटवर येणार नाहीत असे बांधलेले असावेत. केसांचा पोत, वळण, वेण्या किंवा ठेवण यांवरून कोणत्याही कर्मचाऱ्याला अथवा उमेदवाराला कमी लेखले जाणार नाही." "उमेदवाराला" हा शब्द मी आग्रहाने घातला. अधिकाऱ्यांनी स्वतः तो मजकूर टाइप केला. छापलेला कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "ताई, चुकलं माझं." आणि मग त्या मुलीकडे वळून तेच पुन्हा, इंग्रजीत नाही, मराठीतच.

परतीच्या बसमध्ये आम्ही इतकं बोललो की कंडक्टर दोनदा मागे वळून बघून गेला.

आबा पुढच्या आठवड्यात घरी गेले. वॉकर घेऊन, पण स्वतःच्या पायाने, वॉर्डापासून गेटपर्यंत. ती त्यांच्या शेजारून चालत होती आणि ते तिला गावी जेवायला यायचं वचन मागत होते. ती गेलीही, एका रविवारी. येताना मिरच्यांचा ठेचा बरणीभर घेऊन आली आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. इंटर्नशिप संपल्याचं पत्र तिला मोठ्या डॉक्टरांच्या सहीने मिळालं आणि त्यासोबत नोकरीचंही पत्र. सध्या ती धुळ्यातच आहे. आता वेण्यांत निळा दोरा गुंफते.

मला एक काम उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली मुलगी माझ्याकडे काउंटरच्या जागेसाठी आली होती. हुशार होती, पावरा लोकांची पावरी बोली आणि मराठी दोन्ही बोलायची. आमच्याकडे त्या भागातले पेशंट येतात आणि बोलायला कोणी नसतं. केस दाट, कुरळे, आवरून न आवरणारे. मीच तिला म्हणाले होते, केसांचं काहीतरी करून या, मग बघू. ती पुन्हा आली नव्हती. जुन्या अर्जातून नंबर शोधून मी फोन केला. ती चोपड्याला एका औषधांच्या दुकानात कामाला होती. मी कोण, ते तिला लगेच आठवलं. मी आधी माफी मागितली, मग जागा रिकामी असल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "मॅडम, पण माझे केस अजून तसेच आहेत."

"माझेपण," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी ती रुजू झाली. पहिल्याच सकाळी सातपुड्याकडून एक कुटुंब आलं. आजारी बाई, नवरा, सोबत चार माणसं, आणि कोणालाच धड मराठी येत नव्हतं. तिने खुर्चीतून उठून त्यांच्याच बोलीत विचारपूस केली, केसपेपर भरला आणि त्यांना डॉक्टरांच्या खोलीपर्यंत नेऊन बसवलं. मी माझ्या टेबलावरून पाहत होते. ती बाई आत जाता जाता मागे वळून आमच्या काउंटरकडे बघून हसली, आणि ती मुलगी पुढच्या पेशंटचा कागद हातात घेऊन म्हणाली, "या, बसा. काय त्रास होतोय?"